कॅमेरा हातात धरू नका, टेकवा!



कोणताही समारंभ आटोपला की महिन्याभरात आमच्या कानावर एकच तक्रार येते. "शूटिंग केलंत ते फार चांगलं केलंत, पण बघवत नाही हो! दहा मिनिटांत डोकं गरगरायला लागतं." तक्रार करणारे बहुतेक वडीलधारी असतात आणि त्यांचं म्हणणं खरं असतं. हॉलच्या मागच्या रांगेतून झूम लांबवून, कॅमेरा हातात धरून केलेलं आपलं बरंचसं चित्रीकरण थरथरतं. यात कोणा एकाचा दोष नाही. आम्हीही वर्षानुवर्षे तेच करत आलो. म्हणून या अंकात हा विषय जरा सविस्तर घेतला आहे. आजीआजोबांनी तो वाचावा आणि नातवंडांना वाचून दाखवावा, कारण कॅमेरा आता त्यांच्याच हातात आहे.

दोन टेपांची गोष्ट

काही वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये आपल्या मंडळींच्या एका मेळाव्यात एका मावशींचं कीर्तन झालं. मावशींचं बालपण कोकणात गेलं, संसार मुंबईत झाला आणि उतारवयात त्या मुलाकडे अमेरिकेला आल्या. योसेफाची कथा त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत तोंडपाठ होती. भाऊ योसेफाला खड्ड्यात टाकतात तिथे त्यांचा आवाज अगदी खाली जायचा, आणि मिसरमध्ये भावांची ओळख पटते तिथे त्यांचेच डोळे भरून यायचे. साथीला बाजाची पेटी, तबला आणि मागे झांजा घेतलेल्या चार बायका.

आम्ही शेवटच्या रांगेत उभे राहिलो, हँडीकॅमचा झूम पुरता लांबवला आणि मावशींचा चेहरा पडदाभर घेतला. छोट्या पडद्यावर सगळं छान दिसत होतं. घरी टीव्हीवर लावलं तेव्हा मावशींचा चेहरा सारखा इकडून तिकडे उड्या मारत होता. आमच्यातल्या एकाचा सात वर्षांचा नातू म्हणाला, "आजी भूकंपात गात होत्या का?" सगळे खो खो हसले. पुढच्याच वर्षी मावशी गेल्या. त्यांची आठवण आशीर्वाद ठरो. त्यानंतर मात्र त्या टेपकडे पाहून कोणाला हसू आलं नाही.

आता दुसऱ्या टेपची गोष्ट. त्याच दिवशी एका बारा वर्षांच्या मुलाने बापाचा जुना कॅमेरा बाजूच्या टेबलावर ठेवला होता. उंची पुरेना, म्हणून त्याने खाली टेलिफोनच्या डिरेक्टऱ्यांची थप्पी लावली, अख्खं स्टेज दिसेल असा कॅमेरा लावला, बटण दाबलं आणि स्वारी समोसे खायला निघून गेली! त्या टेपमध्ये मावशी लहान दिसतात. पण त्यांचा ताल धरणारा हात दिसतो, पेटीवाल्याकडे टाकलेला कटाक्ष दिसतो, वहीचं पान उलटताना थबकलेलं बोट दिसतं. आज मावशींच्या घरी ही दुसरी टेपच पाहिली जाते. आमची कपाटात पडून आहे.

त्या पोराने काय केलं, जे आम्ही मोठ्यांनी केलं नाही? त्याने कॅमेरा हातात धरला नाही, टेकवला. एवढंच.

चित्र का हलतं?

आपला हात कधीच पुरता स्थिर नसतो. म्हाताऱ्यांचाच थरथरतो असं नाही, तरुण पहिलवानाचाही थरथरतो. श्वास चालू असतो, हृदय धडधडत असतं, स्नायू सेकंदाला आठ-दहा वेळा बारीक कापत असतात. आपल्याला ते कळत नाही, पण लांब पल्ल्याच्या लेन्सला कळतं.

मुलांनो, एक पेन्सिल हातात धरा आणि टोकाकडे बघा. टोक फारसं हलत नाही. आता लांब बांबूची काठी एका टोकाला धरून दुसरं टोक बघा. हात तोच, पण ते टोक किती डोलतं! झूम म्हणजे ही लांब काठी.

थोडा हिशेब मांडू. स्टेज कॅमेऱ्यापासून ६० फुटांवर आहे असं समजा. कॅमेरा एका अंशाचा फक्त दहावा भाग वळला. भिंतीवरच्या घड्याळाचा मिनिटकाटा एका सेकंदात जेवढा वळतो, तेवढंच. तरी ६० फुटांवर कॅमेऱ्याची नजर साधारण सव्वा इंच सरकते. चौकटीत ३६ फुटांचं अख्खं स्टेज असेल, तर ४० इंच रुंद टीव्हीवर हा सव्वा इंच म्हणजे जेमतेम एक अष्टमांश इंच. कोणाच्या लक्षातही येत नाही. पण झूम करून चौकटीत फक्त ३ फूट घेतले, तर टीव्हीवरचं चित्र जवळजवळ दीड इंच उडी मारतं. हात तेवढाच हलला, झूम बारापट, म्हणून उडीही बारापट.

म्हणजे उपाय दोनच. एक, झूमची गरज कमी करायची. दोन, कॅमेरा हातातून काढून घ्यायचा.

आपल्या माणसांचा जुना कॅमेरा

रंगमंचासमोर कॅमेरा स्थिर लावण्याची आपल्याकडची गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे. दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' १८ मे १९१२ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला. तो म्हणजे एका मराठी नाटकाचंच चित्रीकरण होतं आणि कॅमेरा एका जागी रोवलेला होता. पुढे लोकांनी नावं ठेवली, की हा खरा सिनेमा नव्हे, नुसतं नाटक टिपलं आहे. पण आपल्याला तर नेमकं तेच करायचं आहे! आपल्याला सिनेमा काढायचा नाही. मावशींचं कीर्तन, मुलांचं पुरीमचं नाटक, मेहंदीच्या रात्रीची गाणी, हे जसं झालं तसं टिपायचं आहे.

आपल्या समाजाला स्टेज आणि कॅमेरा दोन्ही नवे नाहीत. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' हा हिंदुस्थानातला पहिला बोलपट लागला. तो ज्या नाटकावरून घेतला, ते जोसेफ डेव्हिड पेणकर या आपल्याच बेने इस्राएल नाटककाराचं. आणि 'बूट पॉलिश'मधले जॉन चाचा, म्हणजे डेव्हिड अब्राहम चेउलकर, कोणाला आठवत नाहीत?

पण 'श्री पुंडलिक'ची प्रत आज मिळत नाही, आणि 'आलम आरा'चीही नाही. एवढ्या मोठ्या कंपन्यांची चित्रं जिथे नाहीशी झाली, तिथे आपल्या घरगुती टेपांची काय कथा! मुंबईत १८८० च्या सुमारास आपल्या लोकांनी मराठी कीर्तनं सुरू केली. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यातलं एक मोठं नाव. हरिदासांच्या कीर्तनाची चाल घेतली आणि कथा तोराच्या सांगितल्या. त्या पहिल्या पिढीला कॅमेरा मिळाला नाही, आपल्याला मिळाला आहे. मग निदान तो हलू तरी नये.

पहिला उपाय: पुढे या

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे चार पावलं पुढे जाणं. ६० फुटांवरून जेवढा चेहरा दिसतो, तेवढाच २० फुटांवरून एक तृतीयांश झूममध्ये दिसतो, आणि थरथर तितकीच कमी होते. लोकांच्या मध्ये नको, बाजूच्या वाटेच्या कडेला, तिसऱ्या-चौथ्या रांगेजवळ जागा मागून घ्या. आयोजकांना आधी सांगितलं तर कोणी नाही म्हणत नाही. कार्यक्रम सुरू झाल्यावर खुर्च्या सरकवायला लागलात तर मात्र सगळे रागावतील, आणि ते बरोबरच आहे.

दुसरं, शक्य असेल तर दोन कॅमेरे लावा. एक त्या पोरासारखा, अख्खं स्टेज दाखवणारा. त्याला शेवटपर्यंत हात लावायचा नाही. दुसरा जवळचे चेहरे टिपणारा. दुसऱ्याचं चित्र जिथे हललं, तिथे नंतर पहिल्याचं जोडता येतं. पहिल्यासाठी जुना फोनसुद्धा चालतो. फोन फोर-के चित्र घेत असेल तर आणखी उत्तम. असं चित्र साध्या एचडीच्या दुप्पट रुंद आणि दुप्पट उंच असतं, म्हणून संगणकावर त्यातला मधला भाग कापून घेतला तर दुप्पट झूम केल्यासारखं होतं, तेही लेन्सला हात न लावता.

दुसरा उपाय: तिपाई, पण नीट लावलेली

ट्रायपॉड म्हणजे तीन पायांची तिपाई बऱ्याच जणांकडे असते. पण ती लावण्यातच घोटाळा होतो. आम्ही चुका करून करून शिकलो, त्या अशा:

१. पाय पुरते पसरा. आधी वरचे जाड भाग लांबवा, तळाचे बारीक भाग शेवटी आणि गरज असेल तरच.

२. मधला दांडा वर उचलू नका. तो उचलला की तिपाईची एकपायी काठी होते.

३. एक पाय स्टेजच्या दिशेला ठेवा. म्हणजे मागच्या दोन पायांमध्ये तुम्हाला उभं राहायला जागा मिळते आणि तुमचा पाय अडखळत नाही.

४. मधल्या आकड्याला वजन लावा. पाण्याच्या दोन बाटल्या घातलेली पिशवी पुरते. ती झुलू देऊ नका. तळ जमिनीला जेमतेम टेकलेला असू द्या.

५. लांब, जड लेन्स असेल तर तिला खाली स्वतःचा एक पाय असतो. तिपाईवर कॅमेरा न बसवता लेन्सचा तो पाय बसवा, म्हणजे पुढचं-मागचं वजन तोललं जातं.

६. जमीन बघा. लाकडी बाल्कनी आणि उघडझाप करणारे पायऱ्यांचे बाक टाळा. लोक टाळ्या वाजवतात, मुलं धावतात, आणि तो धक्का तिपाईतून वर चढतो. काँक्रीटची जमीन, भिंतीजवळची किंवा खांबाजवळची जागा बरी.

७. चालू-बंद रिमोटने करा. रिमोट नसेल तर कार्यक्रमाच्या पाच मिनिटं आधी बटण दाबा आणि संपल्यावर पाच मिनिटांनी बंद करा. मधे बंद करून पुन्हा सुरू करण्याचा मोह नको.

आगगाडीच्या वेडातून निघालेली युक्ती

कधी कधी कॅमेरा फिरवावा लागतोच. मुलगी नाचत नाचत डावीकडून उजवीकडे गेली, तर तिच्याबरोबर जायला हवं. साध्या तिपाईचं डोकं तेव्हा आधी अडतं आणि मग झटका देऊन सुटतं. यावर तोडगा काढला तो इथल्याच, कॅलिफोर्नियाच्या चॅडवेल ओ'कॉनर या इंजिनियरने. गृहस्थांना वाफेच्या आगगाड्यांचा भारी नाद. धावत्या गाडीचं चित्र घेताना कॅमेरा झटके खातो, म्हणून त्यांनी दाट द्रव भरलेलं तिपाईचं डोकं बनवलं. घट्ट मधात चमचा फिरवून पाहा. हळू फिरवला तर सहज फिरतो, झटका द्यायला गेलात तर मध अडवतो. तेच तत्त्व. वॉल्ट डिस्ने यांच्या कॅमेरावाल्यांनी ते डोकं वापरलं, आणि १९७५ सालच्या ऑस्करमध्ये ओ'कॉनरना त्यासाठी तांत्रिक पुरस्कार मिळाला. 'फ्ल्युइड हेड' म्हणतात ते हेच. पैसे खर्च करायचेच असतील तर महागड्या कॅमेऱ्यापेक्षा आधी यावर करा.

ते नसेल तर घरगुती युक्ती आहे. तिपाईच्या दांड्याला रबर बँड अडकवा आणि दांडा न धरता रबर ओढून कॅमेरा फिरवा. हाताचा झटका रबर खाऊन टाकतं.

आणि झूम? गाणं चालू असताना झूम आतबाहेर करू नका. दोन कडव्यांच्या मधे, टाळ्यांच्या वेळी करा. एकदा चौकट ठरली की निदान दहा आकडे मोजेपर्यंत हलायचं नाही. मुलांनी आलेफ, बेथ, गिमेल म्हणत योदपर्यंत जावं. बरोबर दहा होतात!

यंत्रातला स्थिरक

"आमच्या कॅमेऱ्यात स्टॅबिलायझर आहे, मग तिपाई कशाला?" असं अनेक जण विचारतात. १९९५ साली कॅनन कंपनीने असा स्थिरक असलेली पहिली एसएलआर कॅमेऱ्याची लेन्स आणली. ती होती ७५ ते ३०० मिलिमीटरची, म्हणजे लांब पल्ल्याचीच. हाताचा कंप ओळखून आतली काच उलट दिशेला सरकते, अशी ती रचना. उपयोगी आहे, शंका नाही. पण तासभराच्या कीर्तनाला ती पुरत नाही, कारण हात थकतो आणि चौकट हळूहळू वाहवत जाते.

दुसरी गंमत अशी, की कॅमेरा तिपाईवर असताना बऱ्याच यंत्रांतला स्थिरक बंद करावा लागतो. नाहीतर नसलेला कंप शोधत तोच चित्र हलवतो! काही नव्या लेन्सना तिपाई आपोआप ओळखता येते. आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत एकदा बघून घ्या.

नंतर संगणकावर चित्र स्थिर करता येतं, हेही खरं. पण तेव्हा चौकटीच्या कडा कापल्या जातात. शिवाय स्टेजवर उजेड कमी असतो, त्यामुळे हलताना चेहरा पुसट होतो. पुसटलेला चेहरा कोणताही संगणक पूर्वीसारखा करून देत नाही.

फोनवाल्यांनी एवढं लक्षात ठेवावं. दोन बोटांनी चित्र ताणत गेलं, की फोन आपल्या लेन्सच्या पलीकडे नुसतं चित्र फुगवतो. पडद्यावरचे झूमचे आकडे दाबा आणि तेवढ्यावर थांबा. फोन तिपाईवर अडकवायची चिमटी थोड्या डॉलरमध्ये मिळते, ती घ्या.

तिपाई नसेल तर

खुर्चीच्या पाठीवर किंवा कठड्यावर तांदळाची पिशवी ठेवा आणि त्यात कॅमेरा जरा रुतवून बसवा. तीही नसेल तर बसा, कोपरं बरगड्यांना टेकवा, पाठ भिंतीला लावा.

मुलांनो, ही युक्ती करून पाहा. कॅमेऱ्याच्या तळाला एक भोक असतं, पाव इंच जाडीच्या स्क्रूचं. हार्डवेअरच्या दुकानातून त्यात बसणारा आखूड स्क्रू आणा. एका इंचात वीस आटे असलेला मागा, आणि तो हातानेच लावा, आवळू नका. त्याला तुमच्या उंचीएवढी दोरी बांधा. दोरीचं दुसरं टोक पायाखाली दाबा आणि कॅमेरा वर ओढून धरा. दोरी ताणली, की वरखाली हलणं खूपच कमी होतं. खिशात मावणारी तिपाई!

आपल्या दिवसांचं गणित

आपण शनवार तेली. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांची आपण लेकरं, तेव्हा शब्बाथला आणि सिम्हाथ तोरासारख्या सणाला कॅमेरा बंदच. पुरीम आणि हनुक्का मोकळे, फक्त त्या दिवशी शब्बाथ नको. पण आपले पुष्कळ कार्यक्रम शनिवारी रात्री, हबदाला झाल्यावर असतात, आणि इथेच आमची फजिती होते. तारे दिसेपर्यंत थांबायचं, मग घाईघाईने तिपाई उभी करायची. पाय अर्धवट उघडतात, खटके सैल राहतात, आणि पहिल्याच गाण्याला कॅमेरा मान टाकतो. यावर उपाय म्हणजे शुक्रवारी मेणबत्त्या लावण्याआधी जागा ठरवून जमिनीवर टेपच्या खुणा करून ठेवायच्या, आणि हबदालानंतर पडदा उघडायला निदान पाऊण तास ठेवायचा. त्याहून सोपं म्हणजे कार्यक्रम रविवारी दुपारी ठेवायचा.

मुंबईला किंवा अलिबागला जाऊन तिथला कार्यक्रम टिपणार असाल तर आणखी एक. तिथली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, इथली ६० ची. कॅमेऱ्यात शटर तिथे पन्नासांश सेकंद ठेवा आणि इथे साठांश. नाहीतर तिपाई कितीही घट्ट असली तरी दिवे लुकलुकतात.

शेवटी

आमच्या त्या पहिल्या टेपचं काय झालं? आम्ही ती फेकली नाही. तिच्यातला मावशींचा आवाज चांगला आहे. आता त्या पोराच्या स्थिर चित्राला आमच्या टेपचा आवाज जोडायचं काम चाललं आहे. तो पोरगा आता चांगला मोठा झाला आहे आणि हे काम तोच करतो आहे. आम्ही बाजूला बसून चहा पितो आणि ओठ आणि शब्द जुळतात का ते बघतो. मराठी त्याला वाचता येत नाही, पण योसेफाची कथा त्याला आता जवळजवळ पाठ झाली आहे.

तुमच्याही कपाटात अशा टेपा असतील. हललेल्या असल्या तरी टाकू नका. त्यांच्या प्रती करून दोन-तीन घरांत ठेवा, कारण टेपा आपोआप खराब होत जातात. आणि पुढच्या वेळी कोणी आजी-आजोबा गायला उभे राहिले, की कॅमेरा टेबलावर, खुर्चीवर, तिपाईवर, कुठेही टेकवा. एकदा टेकवला की मग हात मोकळे राहतात, टाळ्या वाजवायला.